खिडकीवाल्या मॅडमची मोजणी

कुठल्याही खोलीत शिरल्या की मॅडम आधी खिडकी उघडायच्या. नमस्कार-चमत्कार मागाहून. खोली कुणाची आहे, बाहेर ऊन आहे की कडाका आहे, आतल्या माणसाने आत्ताच पांघरूण गुंडाळून घेतलंय का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. जानेवारीत इंदूरला सकाळी खिशातून हात बाहेर काढवत नाही, तेव्हाही छातीच्या ओपीडीतल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. पेशंट कुडकुडायचे, सिस्टर स्वेटरवर स्वेटर चढवून बसायच्या. एखादी खेड्यातली म्हातारी धीर करून म्हणायची, "बेन, ठंड लागे है." मॅडम स्वतःची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकायच्या आणि खिडकी तशीच ठेवायच्या. त्यामुळे सबंध दवाखान्यात त्यांचं नाव 'खिडकीवाल्या मॅडम' पडलं होतं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची गरज कुणाला पडत नसे.

त्या छातीच्या डॉक्टर, पण त्यांचा जीव खरा गुंतला होता मोजण्यात. एचआयव्ही असलेल्या माणसांना फुप्फुसाचे कोणते आजार होतात, कोणत्या महिन्यात होतात, कोणत्या वस्तीत जास्त होतात, हे त्या वर्षानुवर्षं मोजत होत्या. शरीराची राखण ढिली पडली की एरवी गपगुमान पडून असलेले जंतू डोकं वर काढतात. त्यांना संधिसाधू म्हणतात. "आपल्याकडचे संधिसाधू कोण, हे आपल्यालाच ठाऊक नाही," मॅडम म्हणायच्या. "दुसऱ्या मुल्कातल्या किताबा वाचून अपन इलाज करतो. अरे, माळव्याची हवा वेगळी, धूळ वेगळी, माणसं वेगळी. मोजल्याबिगर कसं कळणार?"

हे असलं मराठी त्या बोलायच्या. होळकरांच्या काळात कुणी पूर्वज कारकुनीला आला आणि मग घराणं इंदूरचंच झालं. सांगलीत मी असं मराठी बोललो असतो तर मास्तरांनी तासभर बाकावर उभं केलं असतं. पहिले काही महिने मला हसू आवरायचं नाही. आता पुण्यात चोहोबाजूंनी चोख मराठी कानावर पडतं आणि त्यात एकही जण मला इंदूरसारखं 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत नाही, तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मी सांगलीचा. विजय नगरातल्या एका कंपनीत आकड्यांचं काम करायला म्हणून इंदूरला आलो, तेव्हा सगळे म्हणाले होते, जाड होऊन परत येशील. मी उलट वाळत चाललो. जिना चढलो की धाप लागायची, कोरडा खोकला पाठ सोडत नव्हता, संध्याकाळी अंग तापायचं. जवळच्या एका डॉक्टरांनी एक्स-रेवर ढग पाहिले आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, धाप होती तिथेच राहिली. आईला फोनवर सांगायचो, इथली हवा मानवत नाही. शेवटी ऑफिसातल्या मित्राने गाडीत घालून मला मॅडमच्या ओपीडीत आणून टाकलं. तोवर माझं एक वाक्य एका दमात पुरं होत नव्हतं.

मला वाटलं, आता छातीला नळी लावतील. मॅडमनी खिडकी उघडली आणि विचारलं, "घरी कबूतर आहेत का?"

मी मित्राकडे पाहिलं. मित्राने माझ्याकडे पाहिलं.

"कितव्या मजल्यावर राहतोस? डक्टमध्ये घरटी आहेत? खोलीत दुसरं कोण झोपतं? त्याला खोकला? लहानपणी घरात चूल होती? शेतात मळणी-बिळणी केलीस कधी?" छाती तपासायची सोडून ही बाई माझ्या फ्लॅटची तपासणी का करतेय, काही कळेना. उत्तरं देता देता मी घामाघूम झालो. पुढे कळलं की कबुतरांच्या विष्ठेतून एक बुरशी फुप्फुसात जाते, चुलीच्या धुराने छाती लहानपणीच कमजोर होते, आणि एका खोलीत झोपणाऱ्याचा खोकला दुसऱ्यालाही लागतो. त्या फक्त माझीच चौकशी करत नव्हत्या. माझ्यासारख्या सगळ्यांनाच त्या हेच प्रश्न विचारायच्या आणि मग उत्तरं एकापुढे एक मांडून बघायच्या.

मग त्यांनी माझी जुनी फाइल उघडली. तिच्यात आधीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'दुसरा कोणताही संसर्ग नाही'. मॅडमचं डोकंच फिरलं. "नाही म्हणजे? कुणी पाहिलं? कशाने पाहिलं?" शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरकडे वळून त्या म्हणाल्या, "'नाही' असं लिहायचं नाही. 'पाहिलं नाही' असं लिहायचं. समझे?" तो बिचारा माझ्या फाइलीला हातही न लावलेला, पण मान त्याने डोलावली.

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणू शकेन. भाजीवाला म्हणाला, "मेथी नहीं है," की मॅडम विचारायच्या, "देखा?" आणि तो गोणपाट उचलून बघायचा, तर खाली खरंच एक जुडी निघायची. मग त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मेथीचा शोध त्यांनीच लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळे म्हणतात, माळव्यात एचआयव्हीच्या पेशंटला टीबीच होतो, न्युमोसिस्टिस नावाचा तो दुसरा न्युमोनिया इकडे होत नाही. होत नाही, कारण तपासायची सोयच नाही. छातीत ढग दिसला की टीबी म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मॅडमनी अनेक वर्षं भांडून फुप्फुसात सलाइन सोडून, ते परत ओढून तपासायची सोय आपल्या विभागात आणवली होती. माझ्यावर ती वापरली. मला टीबी नव्हता. तो 'न होणारा' न्युमोनियाच होता.

तो का झाला, हे सांगायला मॅडमनी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर घालवलं आणि माझ्या खाटेवर, माझ्या पायाशी येऊन बसल्या. "देख, सीधी बात सांगते. दोन गोष्टी आहेत. पहिली, तू बरा होणार आहेस. दुसरी सांगते, लेकिन दुसरी ऐकल्यावर पहिली विसरायची नाही. कबूल?" मी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं, की मला एचआयव्ही आहे. मी पहिली गोष्ट ताबडतोब विसरलो. त्यांनी ती पुन्हा सांगितली. त्या दुपारी ती किती वेळा सांगितली याचा पत्ता नाही, पण आवाज चढवला नाही की घड्याळ बघितलं नाही. हा आजार मला कसा लागला, एवढं मात्र त्यांनी कधीही विचारलं नाही. म्हणून मीही इथे सांगत नाही.

मी बरा झालो. पण त्या दिवसापासून मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, की हे कुणाला कळू नये. आईला नाही, ऑफिसात नाही, घरमालकाला नाही. आणि मॅडमनाही एकच गोष्ट हवी होती, की एकही माणूस त्यांच्या मोजणीतून निसटू नये. त्यांच्या-माझ्यामध्ये जे काही घडलं, ते या दोन हट्टांमुळे घडलं.

आकड्यांचं काम करतो म्हटल्यावर त्यांनी मला सोडलं नाही. "शनिवारी सुट्टी ना? मग ये. घरी बसून कबूतर मोजणार आहेस का?" दर शनिवारी मी त्यांच्या खोलीत जाऊन तक्ते काढू लागलो. तिथेही त्यांची तऱ्हा. नावं नसायची, फक्त क्रमांक. पण कॉम्प्युटरला हात लावण्याआधी प्रत्येक नवा आजारी माणूस हाताने, पेनने, भिंतीवरच्या मोठ्या कागदावर टिंब म्हणून काढायचा. मी कुरकुर करायचो, की हे एका बटणाचं काम आहे. "बटण दाबलं की सगळे एकदम येतात," त्या म्हणायच्या. "टिंब काढलं की एकेक येतो." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो आणि टिंबं काढायचो.

मध्येच डबा उघडला जायचा. पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला, सोबत जिलबी. हिवाळ्यात गराडू, म्हणजे कंदाच्या तळलेल्या फोडी, त्याही त्या घरून लिंबू पिळून आणायच्या. "थोडं तो खा. सांगलीचे लोक इतकं कमी खातात काय? तुझी आई म्हणेल इंदूरवाल्यांनी पोराला उपाशी ठेवलं." नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलगी मुग्धा बंगळुरूला नोकरीला होती. कुणाला तरी खायला घालायची हौस त्यांना भागवायची होती आणि मी समोर सापडलो होतो. माझ्या बोटाला लागलेला पाक त्यांच्या कागदावर उमटला की मात्र ओरडा बसायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार?"

"नाही, मॅडम."

त्या रागावतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. छाती मी साफ करून दिली. आवाज काढायचा की नाही, ते तू बघ." आणि माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

मग आमच्या विभागाला नवी इमारत मिळाली. चकचकीत फरशी, काचेचं दार, बसायला गुबगुबीत खुर्च्या. आधी कसं होतं, की छातीचे सगळे पेशंट एकाच व्हरांड्यात एका रांगेत बसायचे. दमेकरी, विडीवाले, टीबीवाले, आणि त्यांच्यात मिसळून आम्ही. कोण कशाला आलंय ते देवाला ठाऊक. नव्या इमारतीत आमच्यासाठी स्वतंत्र दार आलं. स्वतंत्र खिडकी, स्वतंत्र फलक. आमची सोय व्हावी म्हणूनच केलं होतं सगळं, आणि मॅडमनी स्वतः ते भांडून मिळवलं होतं. उद्घाटनाला त्यांनी निळी माहेश्वरी नेसली होती.

त्या हिवाळ्यात भिंतीवरची टिंबं विरळ झाली. दर हिवाळ्यात न्युमोनियाची रेघ वर चढायची, यंदा ती चढलीच नाही. उलट खाली आली. मी तक्ता दोनदा तपासला. मॅडमनी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सांगलीकर," त्या म्हणाल्या. बचावाच्या गोळ्या वेळेवर मिळताहेत, औषधं लवकर सुरू होताहेत, उघड्या खिडक्यांचाही हात असेल, असं सगळं आम्ही धरलं. उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्याआधी भोपाळला मोठी बैठक होती, तिथे ही रेघ दाखवायची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निबंधांत त्यांचं नाव चौथं-पाचवं आलं होतं, हा निबंध त्यांचा स्वतःचा होणार होता. त्या दिवशी सगळ्या विभागाला जिलबी वाटली गेली आणि सिस्टरांनी पहिल्यांदाच खिडक्यांबद्दल तक्रार केली नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. ही रेघ खरी ठरली, तर फुप्फुसं धुऊन तपासायची सोय इथे ठेवायचं वरच्यांना काही कारण उरणार नव्हतं. आजारच नाही तर तपासणी कशाला? ते यंत्र आणि तो माणूस दुसरीकडे हलवायचं बोलणं सुरूही झालं होतं. मॅडमना त्याचं वाईट वाटत नव्हतं. रोग गेला म्हणून तपासणी गेली, यापेक्षा चांगलं काय, असं त्या म्हणायच्या.

भोपाळच्या आधीच्या शनिवारी मी तक्त्यावर शेवटचा हात फिरवत होतो. मला जरा खोकला आला. मॅडम समोर बसून चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"हा खोकला कधीचा?"

"असाच आहे. डिसेंबरात दोन-तीन शनिवार गावी जातो म्हणालो होतो ना, तेव्हा न्युमोनिया झाला होता, त्याचा उरलाय. आता काही नाही."

"न्युमोनिया?" त्या थांबल्या. "कुठे दाखवलंस?"

"विजय नगरातच, एका खाजगी डॉक्टरांना. गोळ्या पण आता कुरिअरने मागवतो."

"इथे का नाही आलास?"

"इथे तर एरवी दर शनिवारी येतो की, मॅडम. मागच्या जिन्याने तुमच्या खोलीत. पण पेशंट म्हणून त्या दाराने यायला जिवावर येतं. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक या रस्त्याने जातात. त्या दारात उभा राहिलो की पाटी गळ्यात घातल्यासारखंच आहे."

मी हे अगदी सहज बोललो. त्यात काही आहे असं मला वाटलंही नव्हतं. मॅडम उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि डिसेंबरवर बोट ठेवलं.

"तू कुठे आहेस याच्यात?"

मी बघू लागलो. डिसेंबरची मोजकी टिंबं होती, सगळी मीच काढलेली, आणि त्यांत मी नव्हतो. आमचा नियम असा होता, की माणूस काही महिने आलाच नाही तरच त्याला 'हरवला' म्हणायचं. तोवर तो मोजणीत धरायचा, आणि आजाराची नोंद नाही म्हणजे ठणठणीत धरायचा. नियम चांगला होता, जुन्या व्हरांड्यात तो वर्षानुवर्षं चालला होता. त्याच नियमाने तापाने फणफणलेला मी डिसेंबरभर कागदावर ठणठणीत होतो. आणि मी एकटा कशाला असेन? नव्या दाराला बिचकून जे जे कुणी घरी बसले होते, ते सगळे आमच्या हिशेबात निरोगी होते. रेघ आजाराची उतरलीच नव्हती. माणसं यायची थांबली होती.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी लिहिलं हे. मी. जिंदगीभर दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतः 'नाही' लिहून बसले." आवाज इतका लहान झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, मॅडम, नियम तर बरोबर होता. "नियमाला काय कळतंय दार कुठे आहे," त्या म्हणाल्या. "मला कळायला पाहिजे होतं. दार मीच मागितलं होतं."

भोपाळला त्या गेल्या. मी तक्ते दाखवायला सोबत होतो. व्यासपीठावर उभं राहून त्यांनी आधी ती उतरती रेघ दाखवली, लोक कौतुकाने माना डोलावू लागले, आणि मग शांतपणे सांगितलं, की ही रेघ खोटी आहे आणि ती आम्ही कशी खोटी काढली. तपासणीची सोय हलवू नका, आम्ही अजून पाहिलेलं नाही, एवढी विनंती करून त्या खाली उतरल्या. चहाच्या वेळी एक ओळखीचे डॉक्टर जवळ येऊन म्हणाले, "मैडम, रिटायरमेंट के टाइम पे क्यों ये सब? दो महीने की तो बात थी." मॅडम म्हणाल्या, "इसीलिए तो." परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपलेल्या नव्हत्या. त्यांचा निबंध गेला होता. मला त्यांच्यासाठी रडू येत होतं आणि त्यांना दिसू नये म्हणून मी देवासपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून जुन्या व्हरांड्यात टाकली, दमेकऱ्यांच्या रांगेच्या तोंडाशी. नवं दार बंद करायला वरची परवानगी लागते, खुर्ची हलवायला लागत नाही, असा त्यांचा हिशेब. ज्याला दारातून यायचंय त्याने दारातून यावं, बाकीच्यांना त्या व्हरांड्यातच, सगळ्यांच्यात मिसळून बघू लागल्या. आणि न आलेल्यांना फोन करू लागल्या. तिथेही पंचाईत होती. फोन घरातल्या दुसऱ्याच कुणी उचलला तर काय सांगणार? दवाखान्याचं नाव घेतलं की संपलंच. म्हणून त्या सांगायच्या, "उनको बोलना, खिड़की वाली का फोन था." ज्याला कळायचं त्याला कळायचं. एका पेशंटच्या सासूबाईंनी मात्र त्यांना धरून ठेवलं आणि सरकत्या खिडकीचा भाव विचारला. मॅडमनी जाळीसकट घ्या, हवा खेळती राहते, असा सल्लाही दिला.

काही फोनवर पलीकडून सांगितलं जायचं, की तो माणूस आता नाही. खोकला होता, ताप होता, टीबीच्या गोळ्या चालू होत्या, गेला. तेव्हा मॅडम "अच्छा" म्हणायच्या, फोन ठेवायच्या, आणि आम्ही मागच्या तारखेला ते टिंब काढायचो. पेन मी त्यांच्या हातात द्यायचो. असली टिंबं त्या स्वतः काढायच्या.

पण बाकीचे येऊ लागले. मीही गेलो, एका विडी ओढणाऱ्या काकांच्या आणि एका शाळेतल्या बाईंच्या मध्ये रांगेत बसलो. मॅडमनी मला इतर कुणालाही बघावं तसं बघितलं, खोकायला लावलं, आणि शनिवारी डिसेंबरच्या जागी माझं टिंब काढलं. हळूहळू भिंतीवरची रेघ वर चढली, इतर हिवाळ्यांसारखीच. आजार वाढलेला दिसतो म्हणून कुणाचा चेहरा उजळलेला मी आयुष्यात तेवढाच पाहिला. "आहेत रे, सांगलीकर," त्या म्हणाल्या, "सगळे आहेत," आणि चष्मा काढून डोळे पुसले. तपासणीची सोय राहिली. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणांत त्यांच्या शिस्तीचं, साधेपणाचं, स्वच्छतेचं कौतुक झालं. त्या रेघेबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग मला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. जायच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी शेवेचे इतके पुडे बांधून ठेवले होते की कपडे बॅगेतून काढावे लागले. दारापर्यंत आल्या. "तिथे गेल्यावर नाव लिहव," एवढंच म्हणाल्या. पुण्यातल्या केंद्रात नाव नोंदवल्याचं कळवेपर्यंत त्यांनी मला रोज फोन केला, आणि कळवल्यावर म्हणाल्या, "बस, आता मी इंदूरच्या कागदावरून तुला काढते. इथून गेलास, तिथे आहेस. बीच में लटकायचं नाही."

नंतर फोन कमी झाले, तरी व्हायचे. त्या बोलायच्या कमी आणि माझा श्वास ऐकत बसायच्या, असं मला नेहमी वाटायचं. आता तसा फोन येत नाही. पुण्यात माझी प्रकृती उत्तम आहे, केंद्रातले डॉक्टर चांगले आहेत, गोळ्या वेळेवर मिळतात. पण मी खोकलो तर हातातला कप खाली ठेवणारं माणूस आता कुठेही नाही, आणि ही कमी कशानेही भरून निघत नाही. थंडीत शनिवार सकाळ आली की मला नुसतं तिथे जाऊन बसावंसं वाटतं, त्या गारठ्यात, समोर पोह्यांची ताटली घेऊन.

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. हृदयविकाराने, एकाएकी. मुग्धाचा निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी मिळेल त्या गाडीने इंदूरला पोहोचलो. तिथे मराठी माणसांकडेही तिसऱ्या दिवशी उठावना असतो. एका हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात, लोक येतात, फुलं वाहतात, थोडा वेळ बसतात आणि उठून जातात. पुढे घरचे बसले होते, भावकीतले, विभागातले दोन-चार डॉक्टर. आणि मागे, पार भिंतीला टेकून, हॉलभर माणसं. त्यांतली कितीतरी मी ओळखत होतो. व्हरांड्यात त्यांच्या शेजारी बसलो होतो. पण आम्हा लोकांचा एक न ठरवलेला नियम आहे, की बाहेर भेटलो तर ओळख द्यायची नाही. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मॅडमचे एक वृद्ध दीर हात जोडत फिरत होते, "आप?" असं विचारत होते. कुणी म्हणत होतं, कॉलनीत राहतो. कुणी म्हणत होतं, बँकेतली ओळख. मी चादरीच्या कडेला बसलो आणि मनात माझं उत्तर तयार केलं.

मुग्धा स्वतःच माझ्याकडे आली. मॅडमसारखंच कपाळ, डोळे सुजलेले. ती शेजारी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आई म्हणायची, माझ्या नावावर एक धड निबंधसुद्धा नाही, माझ्या मागे कोण येणार. मला वाटलं होतं, घरचेच असतील. हे इतके लोक कोण आहेत हो? विचारलं तर कुणी धड सांगत नाही. तुम्ही कोण?"

"मी त्यांच्याकडे आकड्यांचं काम करायचो," मी म्हणालो.

हे खरंच होतं आणि एवढ्यावर भागलंही असतं. तिने मान हलवली आणि ती उठू लागली. ही आता बंगळुरूला परत जाईल, मला वाटलं, आणि हिच्या आईच्या पाठीमागे कोण बसलं होतं हे हिला जन्मात कळणार नाही. आईला मी अजून सांगितलेलं नव्हतं. जगात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मुग्धाताई," मी म्हणालो, "मी तुमच्या आईचा पेशंट आहे. मला एचआयव्ही आहे. न्युमोनियाने मेलो असतो, त्यांनी वाचवलं."

हॉल शांत होता, त्यामुळे ते सगळीकडे ऐकू गेलं. पुढचे काहीजण वळून बघू लागले. मुग्धाने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मग तुम्ही इथे मागे काय बसलात? चला, पुढे बसा. घरच्यांत बसा."

ती मला धरून पुढे घेऊन गेली. मॅडमच्या फोटोसमोर, त्यांच्या दिरांच्या शेजारी, मी मांडी घालून बसलो. मग पाठीमागे कुणीतरी उठल्याचं कळलं, साडीची सळसळ झाली, आणि एक बाई येऊन माझ्या शेजारी बसल्या. शाळेतल्या त्या बाई. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं आणि नमस्कार केला. मग त्यांच्या मागे एक गृहस्थ आले. मग आणखी कुणी. पुढच्या चादरीवर जागा पुरेना, तसे घरचे लोक सरकून जागा करून देऊ लागले.